नवरीच्या पुढे चालणारा

हे ज्या बाईच्या बाबतीत घडलं, ती मीच. त्यामुळे मित्राच्या चुलत भावानं सांगितलं, त्याला त्याच्या मेहुण्यानं सांगितलं, असली भानगड इथे नाही.

भुतांच्या गोष्टी रात्री बाराला घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली.

बहात्तर सालचा फेब्रुवारी. नॉर्थ डकोटा. आमच्या हालमार गावाहून जिल्ह्याच्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता. इतका सरळ रस्ता की त्यावर हरवायचं म्हटलं तरी माणसाला कष्ट पडावेत.

आम्ही हरवलो.

माझा नवरा लायल. गावातल्या नॅशनल गार्डच्या तुकडीत सार्जंट. गार्डवाले म्हणजे आठवडाभर शेतकरी, खाटीक, शाळामास्तर, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार सैनिक. लायल त्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि ते दोन दिवस त्यांच्या जेवणाचं मी बघायची. मोठमोठ्या ट्रेमध्ये हॉटडिश, म्हणजे मांस-बटाटे एकत्र भाजलेले, आणि कॉफी. कॉफी एवढी, की तिच्यात म्हैस पोहावी.

म्हशीचं नाव मी उगाच काढलं नाही. त्यांच्याकडे खरंच एक म्हैस होती. दोन चाकांवरची पाण्याची टाकी. भरली की ढिम्म हलायची नाही, रिकामी झाली की मागे डुलत यायची.

सैनिक कुठल्याच गाडीला तिच्या कागदावरच्या नावानं हाक मारत नाहीत. अडीच टन ओझं वाहणारा ट्रक म्हणजे अडीचकी. एक गाडी मधोमध कंबरेत वाकायची आणि तिच्यात बसणाऱ्याचे दात वाजायचे, तो बोकड. मी एकदा लायलला विचारलं, यांचं बारसं करतं कोण? म्हणाला, ज्याला त्या गाडीनं सगळ्यात जास्त छळलंय तो.

आणि एक अँब्युलन्स होती. उंच, चौकोनी, पत्र्याची. तसल्या अँब्युलन्सला फौजेत सगळीकडे बिस्किटाचा डबा म्हणतात, आणि दिसतेही तशीच.

पण आमच्या आवारातल्या अँब्युलन्सला कोणी डबा म्हणायचं नाही.

तिला म्हणायचे... नवरी.

का, ते विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कोणी म्हणे, हिरवा रंग खरवडला की खाली पांढरा निघतो, म्हणून. लायल म्हणायचा, पहिल्या गिअरमध्ये ती चर्चमधल्या नवरीसारखी चालते. मागचे खोळंबलेत याची तिला फिकीर नाही.

तिसरं कारण ऑझीनं सांगितलं.

ऑझी तुकडीतला सगळ्यात जुना माणूस. ते कारण कळायला फौजेतली एक रीत माहीत हवी. आवारात मोठी गाडी हलवायची, तर एक माणूस तिच्या पुढे पायी चालतो. वाटाड्या. चालवणाऱ्यानं फक्त त्याचे हात बघायचे. डावीकडे, उजवीकडे, ये, थांब. स्वतःचं डोकं वापरायचं नाही. आणि वाटाड्या नजरेआड झाला, की जागच्या जागी ब्रेक. मग मागून जनरल ओरडो नाहीतर देव.

लायलच्या हे इतकं अंगात भिनलं होतं, की घरच्या अंगणात मी कोंबड्यांची बादली घेऊन पुढून गेले, तरी तो गाडी थांबवून माझ्या हातांकडे बघत बसायचा.

तर ऑझीनं सांगितलं ते असं. कोरियाची लढाई संपली त्या हिवाळ्यात, एका बर्फाच्या वादळात ही गाडी इस्पितळाकडे निघाली होती. आत एक माणूस शेवटच्या घटका मोजत होता. पुढे वाटाड्या म्हणून एक तरणा सैनिक चालत होता. रस्त्यात कुठेतरी तो दिसेनासा झाला.

चालवणारा थांबला नाही.

इस्पितळ गाठलं. आतला माणूस जगला. वाटाड्या मात्र एप्रिलमध्ये सापडला, बर्फ वितळल्यावर. शेताच्या कुंपणाला टेकून उभा होता... एक हात वर. 'थांब' अशी खूण करत.

"नाव त्यानंतर पडलं," ऑझी म्हणाला. "नवरी कधी एकटी चालते का? तिच्या पुढे कोणीतरी लागतंच."

मी विचारलं, तेव्हा गाडी कोण चालवत होतं.

ऑझीनं कपात पाहिलं आणि कॉफी संपली म्हणाला. कप अर्धा भरलेला होता.

आता त्या दिवसाकडे येते.

करीन आमची एकुलती एक. एकवीस वर्षांची, आठवा महिना. तिचा नवरा विलिस्टनकडे तेलाच्या विहिरींवर, म्हणून ती आमच्याकडे आली होती. आदल्या रात्रीपासून वारा पिसाळला होता. सकाळी मी तिच्यासाठी लापशी घेऊन गेले, तर ती पलंगावर बसून चादरीकडे बघत होती.

चादर लाल झाली होती.

"आई, दुखत नाहीये," ती म्हणाली. "दुखायला हवं ना?"

फोन लागला हेच नशीब. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मी दोघांपैकी कोणालाच...

तिथे लाइन गेली. वाक्य पुरं करायला मीच उरले.

गावात डॉक्टर नाही. बर्फ सारणाऱ्या गाड्या वाऱ्यामुळे माघारी फिरलेल्या. शेरीफनं रस्ता बंद केलेला. त्या रस्त्यावर जाऊ शकेल असं एकच काही गावात होतं... चाकांना साखळ्या चढवलेली नवरी.

आवारात ऑझी एकटाच वायरलेसपाशी बसला होता. आम्ही करीनला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो काढेचना.

"लायल, दुसरं काही ने."

"काय नेऊ? अडीचकीच्या उघड्या हौद्यात झोपवू पोरीला?"

ऑझीनं हात काढला. आत गेला आणि जाड दोरीचं भेंडोळं आणून माझ्या हातात दिलं. आमच्याकडे वादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधतात, म्हणजे जनावरांना चारा घालायला गेलेला माणूस परत येतो. पण गाडीत दोरी कशाला, ते मी विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून विचारवलं नाही.

आम्ही निघालो.

गाव संपेपर्यंत घरं दिसत होती, मग धान्याचं उंच कोठार दिसलं. मग काहीच नाही.

तुम्ही अंधारात चाचपडला असाल. उजेडात चाचपडून बघा. आभाळ आणि जमीन यांच्यातली शिवणच उसवली होती. खाली पांढरं, वर पांढरं, आणि मधे आमचा पत्र्याचा डबा.

मी मागे करीनपाशी. तिचे पाय गार पडत चालले होते, म्हणून माझा लोकरी रुमाल सोडून तिच्या पायांना गुंडाळला. तिचं बोलणं चालू ठेवत होते. मुलाचं नाव काय ठेवायचं. मुलगी झाली तर काय. ती म्हणाली, मुलगी झाली तर सिग्ने, आणि ती तुझ्यासारखी हट्टी निघाली तर तुझ्याकडेच पाठवीन. मी हसले. तिच्या अंगाखालचं कापड मी तोवर तिसऱ्यांदा बदललं होतं आणि ते तिच्या नजरेला पडू नये म्हणून कोटाखाली कोंबलं होतं.

चाकांच्या साखळ्या खडखडत होत्या. गाडी हेलकावत होती.

आणि मग... गाडी शांत झाली.

थांबली नव्हती. चालत होती, पण अलगद. कोणी हाताला धरून नेल्यासारखी.

मधल्या लहान खिडकीतून मी पुढे पाहिलं. लायल स्टिअरिंगवर ओणवा झाला होता. जरा डावीकडे वळवत होता, जरा उजवीकडे. आवारात गाडी लावताना वळवतो, तसा.

"लायल, तू कोणाच्या मागे चाललायस?"

"गप. तो हात दाखवतोय."

मी काचेतून पाहिलं. वायपर. बर्फ. बर्फ.

"तिथे कोणी नाही."

"तुला मागून दिसत नसेल," तो म्हणाला. अगदी सहज. "ऑझीनं पाठवला असेल कोणाला तरी."

गावाबाहेर इतक्या लांब? पायी? मी हे बोलले नाही. गाडी चालत होती, आणि मला तेवढंच हवं होतं. त्या घडीला सैतान स्वतः पुढे चालत असता, तरी मी त्याला हातमोजे दिले असते.

किती वेळ तसे गेलो कोण जाणे.

मग लायलनं ब्रेक मारला.

"काय झालं?"

"गेला."

"कोण गेला?"

"दिसत नाहीये." तो काचेला नाक लावून बघत होता. "एक हात वर केला आणि... गेला."

मी म्हटलं, चल पुढे. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मी ओरडले. मग मी त्याला असं काही बोलले, की जे लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्याच्या पोरीचा जीव चाललाय आणि तो पलटणीची कवायत करत बसलाय, असंही बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"आर्लिस, तो गाडीच्या नाकासमोरच होता," तो म्हणाला. "मी हललो तर तो चाकाखाली येईल."

"तिथे कोणी नाहीये रे."

"मला माहितीये," लायल म्हणाला. आणि तो रडत होता.

भीती मला तिथे वाटली. बाहेरच्या कशाची नाही. या माणसाला मी ओळखत होते. तो मरेल, पण आता हलणार नाही.

मागून करीनचा आवाज आला. फार बारीक.

"आई, तू जा ना पुढे. बाबांना कोणीतरी पुढे लागतं."

तिला एकटीला टाकून? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ कागदासारखे झाले होते. मी तिला पट्ट्यांनी बांधलं, कपाळाचा मुका घेतला, आणि लगेच येते म्हणाले. भाजी आणायला निघाल्यासारखं.

खाली उतरले. दोरीचं एक टोक बंपरला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. गाठ लायलनं स्वतः ओढून बघितली. मग तो वर जाऊन बसला, आणि मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. हात वर केले. ये.

नवरी हलली.

वारा तोंडावर खिळे मारत होता. मी डावा पाय रस्त्याच्या कडेला घासत चालले. पायाखाली खडी लागली की कड, मऊ लागलं की चर. मागे साखळ्यांची खडखड. मागे वळले की दिव्यांचे दोन पिवळे गोळे, अंड्याच्या बलकासारखे. कमरेची दोरी अधूनमधून ओढ घ्यायची, आणि ती ओढ मला फार आवडायची. लायल आहे. करीन आहे.

खडी. खडी. मऊ. जरा उजवीकडे. हात दाखव. खडी.

आणि मग... साखळ्यांचा आवाज आला नाही.

वळले. दिवे नव्हते.

कमरेला हात लावला...

दोरी नव्हती.

मी सोडली नव्हती. तुटली असती तर टोक तरी राहिलं असतं. कोटावर नुसती दोरीची आवळलेली खूण होती.

मी हाका मारल्या. आधी लायलला, मग करीनला. वाऱ्यानं हाका तोंडातूनच उचलून नेल्या. आले तशी मागे फिरले, तर पायाखालची खडी गेली. मऊ लागलं, आणखी मऊ लागलं, आणि मी कंबरभर बर्फात उतरले.

हात पुढे केले तेव्हा काटेरी तार लागली. कुंपण.

तिथे मी थांबले आणि तिथे मला सगळं एकदम कळलं. लायलच्या पुढे आता कोणी नाही. म्हणजे तो थांबला असणार. तो थांबला म्हणजे गाडी भर रस्त्यात उभी, आणि मागे करीन पट्ट्यांनी बांधलेली. ते पट्टे मी बांधले होते. आई लगेच येते म्हणाली होती.

मी माझ्या पोरीला मारलं होतं.

माणूस तसा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तो आवाज माझा होता हे नंतर कळलं.

आवाज संपला तेव्हा... मी एकटी नव्हते.

कुंपणालाच टेकून कोणीतरी उभं होतं. हाताच्या अंतरावर नाही, पण हाक पोचेल इतपत. फौजेचा जुना लांब कोट. टोपीचे कान खाली ओढलेले. तोंडाच्या जागी नुसता बर्फ चिकटलेला.

एक हात वर.

किती वर्षं तो हात वर धरून उभा होता ते मला माहीत होतं. आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त कोणी बोलायचं नाही.

पळावंसं वाटलं नाही, हे मी खरंच सांगते. पळायला पुढे पोरगी हवी, जिच्याकडे पळायचं. माझी मागे राहिली होती. मी तारेला धरून खाली बसले आणि त्याच्याशी बोलले. घरात बोलतात तसं.

म्हटलं, बाळा, तुझं चुकलं नव्हतं काही. तू थांब म्हणालास, त्यांनी ऐकलं नाही. पण आज माझा माणूस थांबलाय बघ. तुझ्यासाठी थांबलाय. आता त्याला पुढे कोणीतरी हवं. मला रस्ता सापडत नाही, तुला पाठ आहे. तुझी जागा मला दे. मी इथे बसते. तू जा.

बराच वेळ काही झालं नाही.

मग त्यानं... हात खाली घेतला.

हळूहळू. सांधा गंजल्यावर घेतात तसा.

मी डोळ्यांत गेलेला बर्फ पुसला. पुन्हा पाहिलं तेव्हा कुंपणाला कोणी टेकलेलं नव्हतं. आणि मी बसले होते तिथूनच, माझ्याच पायांपासून, बर्फात पावलं निघाली होती. रस्त्याच्या दिशेनं. मी वाकून पाहिलं. डाव्या टाचेला तिरकी चीर...

माझे बूट. माझीच पावलं.

मी तर बसलेली होते.

त्यानंतर मला छान ऊब आली. आमच्याकडच्या लहान मुलांनाही माहीत असतं, की बर्फात ऊब आली की संपलं. मला त्याचं काही वाटलं नाही. सिग्ने हे नाव चांगलं आहे एवढंच वाटलं.

बर्फ सारणारी गाडी वारा पडल्यावर निघाली, तिच्या माणसाला मी सापडले. त्यानं माझी नाडी बघितली, मग मला गाडीत ठेवलं आणि माझ्या तोंडावर ताडपत्री ओढली. यात त्याची चूक नाही. आजही रस्त्यात भेटला की तो माझ्याशी टोपीला हात लावून बोलतो, पण माझ्याकडे न बघता.

इस्पितळात पोचेपर्यंत मी ताडपत्रीखाली खोकले. डॉक्टर म्हणाले, होतं असं. थंडीत नाडी लपून बसते. सापडत नाही म्हणजे नसतेच असं नाही.

मला शुद्ध आली तेव्हा लायल उशाशी होता. मी त्याला काही विचारू शकले नाही. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याला कळलं.

"आहे," तो म्हणाला. "दोघी आहेत. मुलगी झाली. बशीएवढी आहे, पण आवाज तुझा आहे."

आम्ही दोघंही मग बराच वेळ रडलो. त्या रडण्यात मला जितकं सुख झालं तितकं कशातच कधी झालेलं नाही.

नंतर त्यानं विचारलं, "पण तू दारापर्यंत येऊन परत कुठे गेलीस?"

"कुठल्या दारापर्यंत?"

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगते. "तू समोरच होतीस की. पूर्ण रस्ता. एकदाही नजरेआड झाली नाहीस. मला वाटलं ही बाई चालते कशी, वाऱ्यात वाकतसुद्धा नाही. इस्पितळाच्या दाराशी तू वळलीस आणि इंजिन बंद कर अशी खूण केलीस. मी धावत मागे जाऊन दार उघडलं, नर्स आल्या, करीनला आत नेलं. मग पुढे आलो तर तू नाहीस."

"आणि दोरी?"

तो खाली बघायला लागला. दोरी बंपरला तशीच होती. दुसऱ्या टोकाला फास. माझ्या कमरेच्या मापाचा. गाठ त्यानंच ओढून बघितलेली... तशीच घट्ट.

मी विचारलं, मी वळले तेव्हा माझं तोंड दिसलं का तुला?

त्यानं माझं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

"तोंडावर रुमाल होता तुझ्या," तो म्हणाला.

माझा रुमाल करीनच्या पायांना होता. तो नर्सनी तिच्या पायांवरून सोडला, आणि रक्त लागलं म्हणून साबणात भिजत घातला, असं मला नंतर कळलं. मी लायलला ते सांगितलं नाही. त्यालाही ते माहीत होतं.

दोन दिवसांनी ऑझी भेटायला आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. त्यानं एवढंच विचारलं, "हात वर होता का त्याचा?"

"होता."

"अजून?"

"नाही," मी म्हटलं. "खाली घेतला त्यानं."

ऑझीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग टोपी घातली, आणि ती तिथेच खुर्चीत बसून तोंडावर ओढून घेतली. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू नये.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. सिग्ने शाळेत जाते. करीनचं म्हणणं खरं ठरलं, ती माझ्यासारखी हट्टी निघाली आणि उन्हाळाभर माझ्याकडेच असते. मला काही झालेलं नाही. दोन बोटांची टोकं गेली, बाकी सगळी मी आहे.

त्या अँब्युलन्सला मात्र त्या दिवसापासून कोणी नवरी म्हटलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं. सैनिकांचं असंच असतं. एक दिवस एकानं आवारात हाक मारली, आर्लिसला जरा पुढे घे रे, आणि मी स्वयंपाकघरातून ओ दिली. त्याला गाडी हवी होती.

गेल्या महिन्यात तुकडीत एक नवा माणूस आला. मायनॉटचा, दोन पोरांचा बाप, बडबड्या. मी त्याला कॉफी देताना मुद्दाम विचारलं, काय हो, त्या बिस्किटाच्या डब्याला आर्लिस का म्हणतात?

त्याला कोणीतरी सांगितलेलंच होतं. म्हणाला, इथल्या सार्जंटची बायको होती ती. वादळात गाडीच्या पुढे चालत होती. वाटेतच गेली. पण गाडी पोचवल्याशिवाय तिनं कोणाला कळू दिलं नाही.

"अरेरे," मी म्हटलं, आणि त्याचा कप भरला.

घरी येऊन लायलला हे सांगितलं. मला हसू आवरत नव्हतं. तो ओट्याशी बटाटे सोलत होता. मी म्हटलं, ऐकलंस का, मी मेले म्हणे, आणि वर त्याला साखर विचारली.

लायल हसला नाही.

त्यानं सुरी खाली ठेवली. हात पुसले. माझ्यापाशी आला आणि माझं मनगट दोन बोटांत धरलं. नुसतं धरून उभा राहिला.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. वारा नव्हता.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"काही नाही."

त्यानं बोटं जरा वर सरकवली. मग जरा खाली.

मग... तो तशीच बोटं धरून राहिला. डोळे मिटून. बराच वेळ.

शेवटी हात सोडला आणि पुन्हा बटाटे सोलायला लागला.

त्याला सापडली की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

मी विचारलेलं नाही.